चकमक : बंदुकीतली आणि बटव्यातली

'पोलिसांशी चकमक' हे शब्द वर्तमानपत्रात आपण नेहमी वाचतो, पण त्यात दगड कुठे आहे हा प्रश्न मनात येत नाही. शब्द मूळचा तुर्की. 'चाकमाक' म्हणजे आपटून ठिणगी पाडणे. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला, ठिणगी पाडण्याच्या साधनाला चिकटला आणि पुढे दोन तुकड्यांत क्षणभर झडणाऱ्या लढाईलाही तेच नाव मिळाले.

माझे बालपण किनवटला गेले. आजोबांच्या कनवटीला एक कातडी बटवा असे. त्यात तीन वस्तू : अकिकाचा एक धारदार तुकडा, बोटभर लांबीची पोलादी पट्टी आणि बांबूच्या नळीत जपून ठेवलेला सावरीचा कापूस. दगडाच्या कडेला कापसाची चिमूट अंगठ्याने दाबून धरायची, पट्टीचा एक तिरका फटका मारायचा. दुसऱ्या-तिसऱ्या फटक्याला कापूस धुमसू लागे आणि चिलीम पेटे. घरात आगपेटी नव्हती असे नाही. पण पैनगंगेकाठच्या वाऱ्यात काडी विझते आणि हा कापूस मात्र वाऱ्यानेच अधिक फुलतो, हे त्यांचे म्हणणे. ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

दोन वर्षांपूर्वी किनवटच्या एका शाळेत शिक्षकांसाठी आणि अकरावीच्या मुलांसाठी कार्यशाळा घेत होतो. विषय ज्वलनाचा. बोलता बोलता चकमकीच्या बंदुकीचे चित्र दाखवले. चित्र पाहून एका मुलाने सरळ विचारले, "सर, ही बंदूक चालवायला शिकता येईल का? छंद म्हणून?" वर्गात हशा पिकला. शिक्षक थोडे अस्वस्थ झाले. मला प्रश्न आवडला. या लेखाचे निमित्त तोच प्रश्न आहे.

उत्तर आधी कायद्याचे देतो. युरोप-अमेरिकेत हा छंद खरोखरच चालतो. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांच्या शौकिनांची राष्ट्रीय संघटना १९३३ पासून आहे, आणि १९७१ साली स्थापन झालेली एक आंतरराष्ट्रीय समिती जुन्या किंवा जुन्या बरहुकूम बनवलेल्या बंदुकांच्या जागतिक स्पर्धा भरवते. पन्नास मीटरवर उभे राहून, गुळगुळीत नळीच्या चकमकीच्या बंदुकीने निशाण साधायचे, असा त्यात एक वेगळा प्रकारच असतो. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार कोणत्याही बंदुकीला परवाना लागतो. बंदूक आजोबांच्या आजोबांची आहे, एवढ्याने सूट मिळत नाही. दुरुस्ती करूनही जिच्यातून बार निघू शकणार नाही, अशीच पुराणवस्तू कायद्याबाहेर राहते. दारूला स्फोटकांचा कायदा लागतो, तो १८८४ चा. दारू घरी करून पाहणे हा गुन्हा आहे आणि हात गमावण्याचा खात्रीचा मार्गही आहे. म्हणून तिच्यातल्या घटकांचे प्रमाण या लेखात मुद्दाम देत नाही. त्यात किनवटच्या मुलाने हा छंद धरायचा तर शेजारी पैनगंगा अभयारण्य, आणि शिकारीवर १९७२ पासून वन्यजीव कायद्याची बंदी. रानाकडेच्या गावांतून पीकराखणीच्या नावाखाली ठासणीच्या, म्हणजे 'भरमार', बंदुका पूर्वी असत. गडचिरोलीत तर गावकऱ्यांनी अलीकडच्या वर्षांत त्या पोलिसांकडे जमाही केल्या आहेत. नेमबाजीच शिकायची असेल तर एअर रायफलची वाट मोकळी आहे.

पण या बंदुकीचा निम्म्याहून अधिक मजा तिच्या ठिणगीत आहे, आणि ठिणगीला परवाना लागत नाही. त्या मुलाला मी म्हटले, "सुरुवात इथूनच करू." आणि माझी चांगलीच फजिती झाली.

नदीतून आणलेली पांढरी गार माझ्याकडे होती. पोलाद म्हणून शाळेच्या आवारात पडलेला बांधकामाच्या सळईचा तुकडा घेतला. पाच मिनिटे आपटत राहिलो. ठिणगीचे नाव नाही. शेवटी एका मुलीने वडिलांच्या सुतारकामातली मोडकी कानस घरून आणली. पहिल्याच फटक्याला ठिणग्यांचा झुबका उडाला. संशोधकाचा बार फुसका आणि सुताराच्या मुलीचा नेमका!

कारण असे. ठिणगी दगडातून निघत नाही, पोलादातून निघते. दगडाची तीक्ष्ण कड पोलादाचा बारीक कीस खरवडते. खरवडताना झालेल्या कामाची उष्णता त्या इवल्याशा कणातच कोंडते. कणाच्या वस्तुमानाच्या मानाने त्याचे पृष्ठफळ मोठे, म्हणून तापलेले लोखंड हवेतल्या ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग पावते आणि त्या ज्वलनाने आणखी तापते, थेट वितळण्याइतके, म्हणजे दीड हजार अंश सेल्सियसच्या घरात. निर्वात भांड्यात हाच फटका मारला तर कीस पडतो, ठिणगी पेटत नाही. सळईचे पोलाद कमी कार्बनचे आणि मऊ. ते खरवडण्याऐवजी दबते. कानस जास्त कार्बनची आणि पाणी देऊन कठीण केलेली असते. दगडाने मात्र तिच्याहूनही कठीण असायला हवे. गार, अकीक आणि युरोपातला चकमकीचा दगड हे सारे सिलिकाचेच प्रकार आहेत आणि मोज़च्या श्रेणीत त्यांची कठिणता ७ च्या आसपास येते. त्यातही अकीक व चकमकीचा दगड अतिसूक्ष्म कणांचे, त्यामुळे फुटले की त्यांना काचेसारखी धार येते.

या बाबतीत किनवटची भूमी उदार आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची कड याच भागात येते. एका बाजूला त्या पाषाणाच्या पोकळ्यांतून निघालेला अकीक, दुसऱ्या बाजूला त्याखालून डोकावणारे ग्रॅनाइट आणि चुनखडक. नदीच्या वाळूत सगळ्यांचे नमुने एकत्र सापडतात. मुलांनी तासाभरात अठरा दगड गोळा केले. काळ्या पाषाणाने ठिणगी पाडली नाही, चुनखडकाने अर्थातच नाही. अकिकाने सर्वांत चांगली पाडली.

शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा. डोळ्यांना चष्मा हवा, जवळ पेट घेण्यासारखे काही नको आणि कानशीचे दाते हाताकडे नकोत, एवढे पाहावे. खाली पांढरा कागद पसरून पन्नास-साठ फटके मारा. कागदावरची धूळ चुंबकाने उचला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. काही कण वेटोळ्या किसासारखे दिसतील, पण काही अगदी गोल, चकचकीत, जणू छोटे छर्रे. वितळलेला थेंब हवेत गोठला की पृष्ठताणामुळे गोलच होणार. रॉबर्ट हूकने १६६५ साली 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात चकमकीच्या ठिणग्यांचे हेच गोळे पाहून वर्णन केले आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे निरीक्षण शाळेच्या सूक्ष्मदर्शकात जसेच्या तसे दिसते, असे योग फार नसतात.

आता बंदुकीकडे वळू. आजोबांच्या बटव्यातल्या तीन वस्तू लाकडी दस्त्यावर बसवा आणि मनगटाच्या जागी स्प्रिंग लावा, की चकमकीची बंदूक झाली. हिंदुस्तानीत तिला 'पत्थरकला' म्हणत. दगड चामड्यात गुंडाळून 'घोड्या'च्या जबड्यात आवळलेला असतो. समोर पोलादाची उभी झापड. तिच्या खाली छोटी वाटी, वाटीत बारीक दारू, म्हणजे 'रंजक'. चाप ओढला की घोडा झेपावतो, दगड झापडीवर घासत जातो, त्याच धक्क्याने झापड मागे उलटून वाटी उघडी पडते आणि ठिणग्या रंजकावर पडतात. रंजकाची ज्वाळा नळीच्या 'काना'तून, म्हणजे बारीक छिद्रातून आत जाते आणि ठासलेली दारू पेटते. झाकण उघडणे आणि ठिणगी पाडणे ही दोन्ही कामे एकाच झापडीकडून करून घेणे, ही यातली खरी कल्पकता. ही रचना पूर्णत्वाला नेण्याचे श्रेय साधारणपणे १६१० च्या सुमारास फ्रान्समधल्या मारँ ल बुर्ज्वा या कारागिराला देतात.

या सगळ्याला वेळ लागतो. चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण सेकंदाला दहा मीटर वेगाने धावणारा घोडा तेवढ्यात एक मीटर पुढे सरकतो. शिवाय डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर भपकन जाळ उठतो. म्हणून परदेशात या छंदाचा पहिला धडा नेम धरण्याचा नसतो. जाळ पाहूनही पापणी न लववता बंदूक स्थिर धरून ठेवण्याचा असतो. दुसरा धडा, बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेलाच धरून वाट पाहण्याचा. कारण आत काहीतरी धुमसत असू शकते.

आणि बार न होणे ही नित्याची गोष्ट होती. १८३४ साली इंग्लंडमध्ये वुलविच येथे चकमकीची आणि नव्या टोपीची बंदूक यांची तुलना झाली. ६००० बारांपैकी चकमकीचे ९२२ चुकले, टोपीचे ३६. म्हणजे चकमकीचा साधारण साडेसहांपैकी एक बार फुसका. ही आकडेवारी परीक्षणातली, कोरड्या दारूची. जळलेल्या दारूच्या वस्तुमानापैकी निम्म्याहून अधिक भाग घनरूप उरतो; त्यातला काही पांढरा धूर होऊन रणांगण झाकून टाकतो, काही काजळी होऊन नळीत आणि वाटीत बसतो. या काजळीतले पोटॅशियम कार्बोनेट हवेतले पाणी शोषून घेते. किनवटच्या आषाढात वाटीत दहा बारांनंतर काळा चिखल झाला असता.

गोळी किती वेगाने सुटते, हे मोजणाऱ्याची गोष्ट शिक्षकांना वर्गात सांगता येईल. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली एक जड लाकडी लंबक टांगला आणि त्यावर गोळी झाडली. लंबक किती वर गेला त्यावरून गोळीचा वेग काढला. उत्तर आले सेकंदाला सुमारे ५०० मीटर, ध्वनीहूनही अधिक. आपण आकडे घालून पाहू. इंग्रजी बंदुकीची शिशाची गोळी सुमारे ३२ ग्रॅमची. लंबक २५ किलोग्रॅमचा धरू. संवेग अक्षय्यतेने लंबकाला सेकंदाला ०.६४ मीटर वेग मिळतो आणि तो जेमतेम २ सेंटिमीटर वर चढतो. गोळीची गतिज ऊर्जा होती ४००० जूल, लंबकाला मिळाली ५. बाकीची कुठे गेली? हा प्रश्न मुलांना विचारा आणि घाईने उत्तर देऊ नका. संवेग टिकतो आणि गतिज ऊर्जा टिकत नाही, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य लाकडात रुतलेल्या, तापलेल्या, चेपलेल्या शिशाकडे पाहिल्यावरच पटते.

हे रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य अभियंता होऊन भारतात आले आणि जुलै १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारले. त्याच वर्षी फ्रेंच सेनानी बुसी निजाम सलाबतजंगाबरोबर औरंगाबादला पोहोचला. चकमकीची बंदूक मराठवाड्यात फौजेच्या रूपाने आली ती या वेळी.

दख्खनमध्ये तोवर तोड्याची बंदूक होती. तोडा म्हणजे सतत धुमसणारी दोरी. चाप ओढला की ती रंजकावर टेकते. पाठ्यपुस्तके तिला मागासलेली म्हणतात. मला ते घाईचे वाटते. तिच्यात बळकट स्प्रिंग नाही, त्यामुळे गावचा लोहार ती घडवू आणि दुरुस्त करू शकतो. दोरी नीट पेटलेली असेल तर बार सहसा चुकत नाही. तोटेही आहेत : रात्री दोरीचे टोक दिसते, पाऊस आला की सगळे संपले, आणि दारूच्या शिंगाजवळ विस्तव घेऊन माणसांना खांद्याला खांदा लावून उभे करता येत नाही. हा शेवटचा तोटा निर्णायक. चकमकीने बंदूक अचूक झाली नाही. इंग्रजी बंदुकीची नळी १९ मिलिमीटरची आणि गोळी साडेसतरा मिलिमीटरची असे. भरायला सोपी, पण आतून आपटत जाणारी. शंभर यार्डांपलीकडे नेमाला अर्थ नव्हता. तिने साधले ते एवढेच की माणसे दाटीने उभी राहून मिनिटाला तीन बार एकदम काढू शकली. म्हणजे ठिणगीने बदलली ती रांग.

पोलादाची उणीव होती म्हणून आपण मागे राहिलो, असेही म्हणता येत नाही. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. तिथून दक्षिणेला, गोदावरीपलीकडे, कोनसमुद्रम हे गाव आहे. तिथल्या भट्ट्यांतले पोलाद दमास्कसच्या तलवारींसाठी प्रसिद्ध होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वॉइझी या इंग्रज शास्त्रज्ञाला ते खरेदी करायला आलेला इराणी व्यापारी तिथे भेटला होता. माझा तर्क असा, की ते अतिकार्बनी पोलाद झापडीला उत्तम, पण स्प्रिंगला ठिसूळ. हजारो एकसारख्या स्प्रिंगा करायच्या तर वेगळे पोलाद, वेगळी शिस्त आणि कारखाना लागतो. सुटे कसब पुरत नाही.

हा कारखानाही आपल्याकडे झाला, हे मात्र आपण मुलांना सांगत नाही. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी पेशव्यांकडे आला आणि १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंच्या बाजूने त्याच्या पलटणींनी आणि तोफांनी निजामाची कोंडी केली. साठ लाखांचा मुलूख मराठ्यांना मिळाला. पुढच्याच जानेवारीत पानिपतावर तो मारला गेला. १७९५ ला खर्ड्याच्या लढाईत तर दोन्ही बाजूंना फ्रेंच अधिकाऱ्यांनी शिकवलेली, चकमकीच्या बंदुका घेतलेली पायदळे होती : निजामाकडे रेमाँची, शिंद्यांकडे पेराँची. शिंद्यांच्या फौजेसाठी आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओतत होता आणि बंदुका घडवत होता.

शाळेत असताना 'मराठ्यांच्या पराभवाची कारणे' या प्रश्नाला मी पहिले कारण लिहिले होते, 'इंग्रजांची शस्त्रे आधुनिक होती.' पूर्ण गुण मिळाले. आता ती उत्तरपत्रिका हाती आली तर मी ते वाक्य खोडेन. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंद्यांच्या पलटणींकडे तशाच बंदुका होत्या आणि तोफा इंग्रजांहून कितीतरी अधिक. वेलस्लीचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. बंदूक कमी पडली नाही. पण महिनाभर आधीच गव्हर्नर जनरलने मराठ्यांच्या नोकरीतल्या इंग्रजांना परत येण्याचे आमिष दाखवणारा जाहीरनामा काढला होता आणि शिंद्यांचे बरेच अधिकारी निघून गेले होते. हैदराबादेत तर त्याआधीच, ऑक्टोबर १७९८ मध्ये, रेमाँची सगळी फौज लढाई न होता निःशस्त्र केली गेली. चकमकीची बंदूक विकत घेता आली, घडवताही आली. ती धरणाऱ्या रांगेचा पगार आणि हुकूम कोणाच्या हाती, हा प्रश्न राहिला.

तोडाही एवढ्या लवकर हरला नाही. जानेवारी १८१९ मध्ये हदगाव परिसरातल्या एका गढीला, इंग्रजी कागदपत्रांत 'नोवाह', मेजर पिटमनच्या हाताखालच्या निजामी फौजेने वेढा घातला. आत हटकर सरदार नोवसाजी नाईक आणि त्यांचे अरब शिपाई. अरबांचे आवडते हत्यार लांब नळीची तोड्याची बंदूक. बाहेर इंग्रजी पद्धतीने शिकवलेली, चकमकीच्या बंदुका घेतलेली पलटण. गढी तीन आठवड्यांहून अधिक टिकली. शेवटी सुरुंग, तोफा आणि थेट हल्ला यांनी ती पडली. भिंतीआड बसलेल्या माणसाला मिनिटाला तीन बार काढण्याची गरज नसते. किनवटहून नांदेडला जाताना ही गढी फार दूर राहत नाही. पण सहलीच्या यादीत मी ती कधी पाहिली नाही.

चकमकीचा शेवट रसायनशास्त्राने केला. आघाताने फुटणारे पाऱ्याचे फल्मिनेट एडवर्ड हॉवर्डने १८०० साली वर्णिले. १८०७ ला फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने असल्या स्फोटकाने दारू पेटवण्याचे एकस्व घेतले. पक्षी वाटीतला जाळ पाहून बार होण्याआधीच उडतात, ही त्याची तक्रार होती म्हणे. त्यातून तांब्याची टोपी आली आणि १८४० च्या आसपास फौजांनी चकमक टाकून दिली. बटव्यातली चकमक मात्र किनवटला आणखी दीडशे वर्षे टिकली. टोपी दुकानातून आणावी लागते, अकीक नदीत पडलेला असतो.

कार्यशाळेच्या शेवटी कानस आणणारी मुलगी सूक्ष्मदर्शकापाशी बराच वेळ उभी होती. चुंबकाने सगळे गोळे उचलून झाल्यावरही कागदावर थोडी पांढरी धूळ उरली होती. "म्हणजे दगडही झिजतो," ती म्हणाली. "मग किती फटक्यांनी बोथट होईल?" सैनिक सुमारे वीस-तीस बारांनंतर दगडाची कड नव्याने टवकून घेत किंवा दगड बदलत. आजोबा एका अकिकावर किती वर्षे काढत, हे मी कधी मोजले नाही. तिने दगड तराजूवर ठेवला, वजन वहीत लिहिले आणि पुन्हा फटके मारायला बसली.